नव्या इमारतीत रोज अकराला नेट जातं? आधी मशीनचा पत्ता वाचा

विभाग नव्या इमारतीत आला की पहिल्या दोन दिवसांचा गोंधळ सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. खरा वैताग पुढे सुरू होतो. सकाळी साडेदहाला लॅब छान चालू असते, अकरा-सव्वाअकराला अर्ध्या मशीनचं नेट गायब होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर त्यातली काही आपोआप सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वायरिंगचा कंत्राटदार येतो, टेस्टर लावतो, सगळे दिवे हिरवे दाखवतो आणि निघून जातो. संगणक केंद्राला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून सगळं ओके आहे." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

हे लिहितोय ते विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या विभागात 'तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं ना' म्हणून हे काम गळ्यात पडलेल्यांसाठी, म्हणजे लॅब असिस्टंट, कंत्राटी इंजिनिअर आणि एखादा तरुण प्राध्यापक. मॅनेज्ड स्विचचा (स्विच म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा, मॅनेज्ड म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येते असा) पासवर्ड तुमच्याकडे नाही, तो संगणक केंद्राकडे आहे, असं धरून चाललोय. बहुतेक ठिकाणी परिस्थिती तीच असते.

'नेट जातंय' ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे निदान चार वेगवेगळे बिघाड असतात, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कोणता बिघाड आहे हे मशीनला त्या क्षणी मिळालेल्या आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या त्याच्या नंबरवरून) कळतं. म्हणून पहिला नियम: नेट गेलेलं मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने ते कदाचित चालू होईलही, पण पुरावा पुसला जाईल. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग /ऑल द्या (टाइप अर्थात इंग्रजीत: ipconfig /all) आणि मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. त्यात तीन ओळी हव्यात: आयपीव्ही४ पत्ता (मशीनचा स्वतःचा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा). मग शेजारच्या, नेट चालू असलेल्या मशीनचाही तसाच फोटो काढा. निम्मं निदान या दोन फोटोंतच असतं.

पुढच्या उदाहरणांसाठी समजा, नव्या इमारतीला संगणक केंद्राने १०.४०.८ ने सुरू होणारे पत्ते दिलेत.

पत्ता १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होतोय

स्थलांतरानंतरच्या 'रोज अकराला'छाप तक्रारींमध्ये माझा पहिला संशय नेहमी यावर असतो. कुठेतरी एक घरगुती वायफाय राउटर नेटवर्कला उलटा जोडला गेलाय.

तो तिथे येतो कसा ते बघा. जुन्या इमारतीत भिंती जाड, वायफाय पोचत नव्हतं, म्हणून विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कोणीतरी कधीतरी छोटा राउटर बसवलेला असतो. भिंतीतून आलेली केबल त्याच्या निळ्या, 'वॅन' (बाहेरचं नेटवर्क) लिहिलेल्या तोंडात होती, त्यामुळे तो आपला आपल्यापुरता गुण्यागोविंदाने चालला. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद नाही, यादीत नाव नाही. सामान हलवताना तो फाइलींच्या खोक्यातून नव्या केबिनमध्ये येतो. तिथे शिपाई मामा केबल लावतात ती समोर दिसेल त्या पिवळ्या तोंडात. (रंग कंपनीगणिक बदलतात, पण एक तोंड वेगळं आणि बाकीची तीन-चार सारखी, ही मांडणी बहुतेक ठिकाणी असते.) त्या सारख्या दिसणाऱ्या, 'लॅन'च्या (आतल्या नेटवर्कच्या) तोंडांतून राउटर पत्ते वाटतो. म्हणजे आता पूर्ण मजल्यावर पत्ते वाटणारे दोघं झाले: एक संगणक केंद्राचा सर्व्हर आणि एक हा आगंतुक.

मशीन चालू झालं की 'मला पत्ता द्या' अशी हाळी पूर्ण नेटवर्कवर देतं आणि साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतं. केबिनमधला राउटर मजल्यावरच, जवळ. खरा सर्व्हर दोन-तीन स्विच आणि एक इमारत ओलांडून पलीकडे. शर्यत कोण जिंकणार, हे सांगायला नको. आगंतुकाने दिलेला पत्ता घेतलेलं मशीन मग इंटरनेटसाठी त्याच्याचकडे जातं, आणि त्याच्या वॅनला काहीच जोडलेलं नसतं. 'कनेक्टेड' दिसतं, पान उघडत नाही.

अकराचं कोडंही यातच सुटतं. विभागप्रमुख अकराच्या सुमाराला येतात, केबिन उघडते, बोर्डाचं बटण दाबलं जातं, राउटर जागा होतो. त्याआधी ज्यांनी मशीन चालू केलं त्यांच्याकडे खऱ्या सर्व्हरचा पत्ता असतो. त्याची मुदत निम्मी संपल्यावर मशीन थेट त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतं, सगळीकडे हाळी देत नाही. म्हणून लवकर येणारे क्लार्क म्हणतात, "आमचं तर व्यवस्थित चालू आहे," आणि अकराच्या प्रॅक्टिकलच्या बॅचचं मात्र नेट नाही. लवकर आलेले सुखी आणि उशिरा आलेले दुःखी अशी विभागणी दिसली की राउटर शोधायला लागा.

शोधायचं असं. बिघडलेल्या मशीनच्या ब्राउझरमध्ये 'डीएचसीपी सर्व्हर'समोर दिसलेला पत्ता टाका, समजा १९२.१६८.०.१. राउटरचं लॉगिन पान उघडलं तर बहुतेक वेळा मॉडेलचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. मग त्या नावाचा डबा कोणी पाहिलाय का एवढंच विचारत फिरायचं. पान उघडलं नाही तर त्या पत्त्याला पिंग करा (कमांड प्रॉम्प्टमधून हाक मारा) आणि एआरपी -ए (arp -a) ही कमांड द्या. त्या पत्त्यासमोर बारा अक्षरी एमएसी पत्ता (उपकरणाला बनवतानाच मिळालेला नंबर) दिसेल. त्याची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवर हाच पत्ता असतो, शेवटचं एखादं अक्षर इकडेतिकडे होऊ शकतं, कारण एकाच डब्याच्या वॅन, लॅन आणि वायफायला लागोपाठचे पत्ते दिलेले असतात. संगणक केंद्राला हा एमएसी पत्ता कळवला तर तो कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे ते ते बसल्या जागी सांगू शकतात. एवढी नेमकी माहिती दिली की तिकडचा सूरही बदलतो, हा अनुभव आहे.

सापडल्यावर राउटर जप्त करून वाद ओढवून घेऊ नका. केबिनमध्ये वायफायची गरज खरी असते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, राउटरला स्वतःला संगणक केंद्राकडून घेतलेला १०.४०.८ मधला एक राखीव पत्ता द्या, वायफायला बरा पासवर्ड ठेवा आणि केबल लॅनच्याच तोंडात राहू द्या. आता तो फक्त वायफाय पुरवतो, पत्ते वाटत नाही. वॅनच्या तोंडावर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे पुढच्या साफसफाईनंतर पुन्हा बदल होणार नाही. कायमचा बंदोबस्त संगणक केंद्राच्या हातात आहे: स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त वरच्या स्विचकडे जाणारं पोर्ट विश्वासू ठरवायचं. मग कोणी कितीही राउटर आणून लावले तरी त्यांची उत्तरं स्विचमध्येच अडतात. लेखी मागणी करा. एवढी सोय बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये असते, फक्त चालू केलेली नसते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय

हा पत्ता कोणी दिलेला नाही. हाळी देऊन कोणाचंच उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता घेऊन बसतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारून बघतं. 'थोड्या वेळाने आपोआप आलं' यामागे बऱ्याचदा हीच पाच मिनिटं असतात.

सगळ्यात आधी केबल लावतो त्या पोर्टचा दिवा बघा. दिवा नसेल तर भिंतीतला पॉइंट रॅकमध्ये (स्विचच्या कपाटात) स्विचला जोडलेलाच नाही. नव्या इमारतीत कंत्राटदार सगळे पॉइंट पॅच पॅनलपर्यंत (रॅकमधल्या केबलींच्या पट्टीपर्यंत) आणतो, पण तिथून स्विचपर्यंतच्या छोट्या पॅच कॉर्ड टेंडरमध्ये मोजून-मापून असतात. पॉइंट दोनशे, स्विचची पोर्टं शंभर, अशी स्थिती सर्रास. दिवा आहे पण पत्ता नाही, आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्या पॉइंटवर मिळतोय, तर ते पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचमध्ये पाडलेल्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) असण्याची शक्यता मोठी. ते संगणक केंद्रालाच बदलावं लागेल. पॉइंट नंबर कळवा.

रोज सकाळी सगळी लॅब एकदम १६९.२५४ दाखवत असेल तर वीज बघा. नव्या इमारतीत रॅकचा प्लग लॅबच्याच लाइनवर दिलेला असतो. संध्याकाळी मामा इमानेइतबारे मेन बंद करून कुलूप लावतात, स्विचही झोपतो. सकाळी मेन चालू केला की मशीन मिनिटभरात उठतात, स्विचला मात्र उठून स्थिर व्हायला कित्येकदा चार-पाच मिनिटं लागतात. तोवर मशीन विचारून विचारून थकलेली असतात. यात मामांचा काही दोष नाही. रॅकला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा, त्यावर 'बंद करू नये' अशी मराठीत पट्टी हवी आणि रॅकला स्वतःचा छोटा यूपीएस हवा. बांधकाम विभागाकडून हे काम हँडओव्हरच्या आधी करून घेतलं तर सोपं. नंतर त्यासाठी वेगळं इस्टिमेट लागतं आणि मग देव जाणे कधी होतं.

मेन चालूच आहे, तरी मशीन चालू केल्यावर अर्धं मिनिट नेट येत नाही, अशी तक्रार असेल तर स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीची (केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी सोय, पुढे येईलच) जुनी सेटिंग असू शकते. जुन्या पद्धतीत पोर्टचा दिवा लागल्यावर १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात, मगच डेटा पुढे जातो. मशीनला जोडलेल्या पोर्टवर हा वेळ टाळता येतो. संगणक केंद्राला 'पोर्टफास्ट' किंवा 'एज पोर्ट' हा शब्द सांगा, त्यांना कळेल.

आणि पत्तेच संपले असतील तर? १०.४०.८ सारख्या एका रेंजमध्ये वापरण्याजोगे पत्ते २५४. त्यातले गेटवेला, प्रिंटरला, कॅमेऱ्यांना गेले. नव्या इमारतीचं वायफाय त्याच रेंजवर ठेवलं असेल तर उरलेले पत्ते विद्यार्थ्यांचे फोन खातात. विंडोज सर्व्हरवर पत्त्याची मूळ मुदत ८ दिवसांची असते, म्हणजे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचा फोनही आठवडाभर एक पत्ता अडवून बसतो. मुदत काही तासांचीच ठेवली असेल तर पत्ते रात्रीतून मोकळे होतात, आणि मग पुन्हा तेच चित्र दिसतं: लवकर आलेल्यांना नेट, उशिरा आलेल्यांना नाही. राउटरच्या बिघाडाशी गल्लत होते ती इथे. फरक पत्त्यात आहे. तिथे १९२.१६८ दिसतं, इथे १६९.२५४. इलाज एकच, वायफायला वेगळी आणि मोठी रेंज.

सगळा मजलाच ठप्प, स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकताहेत

इथे पत्ता वाचायची गरजच नाही. कुठेतरी लूप झालाय: एकाच केबलची दोन्ही टोकं नेटवर्कमध्ये गेलीत. हलवाहलवीत टेबलाखाली मोकळी पॅच कॉर्ड पडलेली असते. एक टोक आठ पोर्टच्या छोट्या स्विचमध्ये, दुसरं लोंबकळतंय. झाडताना कोणाला तरी ते बरं दिसत नाही आणि ते शेजारच्या रिकाम्या भोकात जातं. मोकळं टोक दिसलं की माणसाचा हात शिवशिवतोच.

इथरनेटच्या फ्रेमला (केबलीतून जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याला) वयोमर्यादा नसते. सगळ्यांसाठी काढलेली हाळी लूपमध्ये शिरली की ती फिरत राहते, दर फेरीत तिच्या आणखी प्रती निघतात आणि क्षणात सगळी वाहिनी त्यानेच भरते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला. तोच वर आलेला स्पॅनिंग ट्री. पण टेबलाखालच्या स्वस्त, अनमॅनेज्ड स्विचमध्ये तो बहुधा नसतो. म्हणून मुख्य स्विचजवळ उभं राहायचं, खोल्यांकडे जाणाऱ्या केबली एकेक करून काढायच्या आणि दिव्यांकडे बघायचं. ज्या केबलीनंतर दिवे शांत होतात, त्या खोलीत जाऊन टेबलाखाली वाकायचं. काढलेली प्रत्येक केबल कोणत्या पोर्टातली होती ते लिहून ठेवा, नाहीतर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडेल. आणि शक्य असेल तिथे टेबलाखालचे हे स्विच काढूनच टाका. नव्या इमारतीत पुरेसे पॉइंट असताना ते फक्त जुन्या सवयीने आलेले असतात.

पत्ता बरोबर, नेटही आहे, पण रडतखडत

नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये वेग बघा. १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलीच्या चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे अर्धवट पंचिंग केलेला (तारा खाचेत पूर्ण न दाबलेला) पॉइंटही 'चालतो'. साधा टेस्टर फक्त तारा जोडल्यात का एवढंच बघतो. सैल बसलेली तार त्या क्षणी टेकली असेल तर तोही हिरवा दिवा देतो. आधी पॅच कॉर्ड बदलून बघा, फरक नसेल तर पॉइंट पुन्हा पंच करायला सांगा.

लांबीही तपासा. मर्यादा १०० मीटरची, त्यातले भिंतीतल्या पक्क्या केबलीला ९० आणि दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्डना मिळून १०. लांबलचक व्हरांड्यांच्या इमारतीत, रॅक एका टोकाला असला की हे सहज ओलांडलं जातं. मोजायला टेप लागत नाही. केबलीच्या अंगावर ठरावीक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात. पॉइंटचं झाकण उघडून तिथला आकडा वाचा, रॅकमध्ये त्याच केबलीचा आकडा वाचा, वजाबाकी करा. आकडे मीटरचे आहेत की फुटांचे, तेवढं मात्र नीट बघा.

नेट चालू आहे, पण 'हे' चालत नाही

ब्राउझर प्रत्येक साइटला 'असुरक्षित' म्हणतोय तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुनी मशीन महिनाभर गोडाऊनमध्ये प्लगविना पडली की मदरबोर्डवरचा आधीच थकलेला सीआर २०३२ सेल संपतो आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटची प्रमाणपत्रं मग जुळत नाहीत. सेल बदला, तारीख लावा.

प्रिंटर दिसत नाही, याची दोन कारणं. एक, प्रिंटरमध्ये जुन्या इमारतीचा पत्ता हाताने भरलेला आहे. प्रिंटरच्या पॅनलवरून तो बदला आणि प्रत्येक मशीनवर प्रिंटरचं पोर्टही नव्या पत्त्यावर न्या. दोन, क्लार्कच्या मशीनवरून शेअर केलेला प्रिंटर असेल तर विंडोजने नव्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवून शेअरिंग बंद केलेलं असतं. ते 'प्रायव्हेट' करा.

लायब्ररीची जर्नल्स विभागातून उघडत नाहीत, घरून लॉगिनने उघडतात? प्रकाशक विद्यापीठाला ओळखतो तो बाहेर दिसणाऱ्या आयपी पत्त्यावरून. नव्या इमारतीला तात्पुरतं म्हणून वेगळं ब्रॉडबँड घेतलं असेल तर तो पत्ता त्याच्या यादीत नसतो. हे प्रकरण लायब्ररी आणि संगणक केंद्र यांच्या समोरासमोर बसण्यानेच सुटतं.

ऑफिसातलं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नसेल तर त्याचं डोंगल (परवान्याची किल्ली) शोधा. ते पेन ड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतं.

संगणक केंद्राला कळवताना

'लॅबमध्ये नेट नाही, कृपया तातडीने बघावे' या पत्रावर तातडीने काही होत नाही. सगळे पॉइंट फर्निचर लागायच्या आत नंबर घालून ठेवा (कपाट लागल्यावर मागचा पॉइंट कोणालाच सापडत नाही) आणि तक्रार साधारण अशी लिहा:

"खोली २०७, पॉइंट २०७-०४. सकाळी ११.१० वाजता मिळालेला पत्ता १९२.१६८.०.१०५, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१, लिंकचा वेग १ जीबीपीएस. त्याच वेळी पॉइंट २०७-०५ वर १०.४०.८.६१ हा योग्य पत्ता असून नेट सुरू आहे. १९२.१६८.०.१ चा एमएसी पत्ता सोबतच्या फोटोत आहे. तो आमच्या मजल्यावरच्या कोणत्या पोर्टवर दिसतो ते कळवावे, म्हणजे आम्ही तो डबा आजच काढतो."